उमाबाईंसाठी आवाज

बुधवारी दुपारची जेवणं झाली आणि मुकुलनं घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या, वाकळा आणि रजया मागच्या खोलीत नेऊन टाकल्या. शामलाबाई पदराला हात पुसत दाराशी आल्या. आत त्यानं खाट उभी करून भिंतीला टेकवली होती, तिच्यावर दोन वाकळा सोडल्या होत्या आणि खिडकीवर रजई खिळे मारून अडकवली होती.

"पाहुणे यायलेत का कोणी?"

"न्हाय गं. आवाज घुमू नये म्हणून करायलोय."

शामलाबाईंना त्यातलं 'घुमू' तेवढं ऐकू आलं. तुळजापुरात घुमणाऱ्या माणसाचं कुणाला नवल नाही. पण आपल्या घरात, धान्याच्या कोठ्यांपाशी, भर दुपारी कोण घुमणार, हे काही त्यांना कळेना.

"कोणाच्या अंगात आलंय?" त्यांनी विचारलं.

मुकुल हसला आणि ओठांत धरलेला खिळा काढून पुन्हा ठोकायला लागला. उत्तर त्यानं दिलं नाही. दिलं असेल तर ते ठोकण्यात गेलं. हल्ली या घरात कुणी धड उत्तरच देत नाही, असं शामलाबाईंचं मत झालं होतं.

त्यांचा हा एकुलता एक मुलगा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. धंदा बरा चालायचा, पण त्याच्या डोक्यात दोन वर्षांपासून एक शॉर्ट फिल्म घोळत होती, आणि दिवाळीनंतर चार दिवस मोकळे सापडल्यावर त्यानं ती उरकून टाकली. गोष्ट साधी होती. घरातून रुसून निघालेली एक तरुण पोरगी येडशीच्या स्टेशनवर येते, फलाटावर सीताफळं विकणाऱ्या म्हातारीशेजारी बसते, दोघींचं बोलणं होतं आणि पोरगी घरी परत जाते. म्हातारीचं काम येरमाळ्याच्या उमाबाईंनी केलं होतं आणि पोरीचं प्रतीक्षा नावाच्या कॉलेजातल्या एका मुलीनं. दोघींची कामं झकास झाली. पण फलाटावर त्या दिवशी असा काही वारा सुटला होता, की घरी येऊन ऐकलं तर घूं घूं सोडून दुसरं काही नाही. नीट कान दिला तर बोलणं कळत होतं, पण पिक्चरात ठेवावं असं नव्हतं. उमाबाई तोवर लेकीच्या बाळंतपणाला निघून गेल्या होत्या, प्रतीक्षाला पुण्यात नोकरी लागली होती. स्टुडिओ घेण्याची ऐपत नव्हती. मग मुकुलनं ठरवलं, आवाज घरीच भरायचे. उमाबाईंचा आवाज आई देईल आणि प्रतीक्षाचा मैथिली. मैथिली म्हणजे त्याची बायको.

"माझा आवाज त्या बाईला कसा लागेल?" शामलाबाईंनी आठ दिवसांत चारदा विचारलं होतं. "तिचं तोंड, माझा आवाज. बघणाऱ्याला काय वाटेल?"

"काही वाटत न्हाय. सगळ्या पिक्चरात असंच असतंय."

छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलेल्या बाईंना हे पटण्यासारखं नव्हतं. तरी त्यांनी मनापासून तयारी केली. मुकुलनं दिलेल्या कागदावरची उमाबाईंची वाक्यं त्यांनी वहीत उतरवून घेतली आणि उतरवताना 'न्हाय'चं 'नाही' आणि 'हाय'चं 'आहे' करून टाकलं.

अडीचच्या सुमारास सिद्धाराम आला. नळदुर्गकडचा हा गडी लग्नात आणि ऑर्केस्ट्रात साउंडचं काम करायचा. घरात कानडी बोलणारा हा पोरगा तिसरी-चौथीला शामलाबाईंच्याच वर्गात होता. आता पोट सुटलं होतं, कानांवरचे केस पांढरे झाले होते, तरी दारात चपला काढून तो आधी त्यांच्या पाया पडला.

"बाई, तुमची वही बघू," तो म्हणाला. वाचली आणि गालात हसला. "बाई, हे 'नाही' चालणार न्हाय. उमाबाई 'न्हाय' म्हणती."

"तुझं 'न्हाय' काढायला मला एक वर्ष लागलं होतं, सिद्धाराम."

"व्हय. आता तेच परत घाला," तो म्हणाला, आणि मुकुलकडं वळून काहीतरी बोलला. त्यातला 'मिक्सर' हा शब्द शामलाबाईंनी पकडला.

"आत्ता कशाला मिक्सर? चटणी सकाळीच वाटून झाली."

दोघं हसले. सिद्धारामनं पिशवीतून बटणांची एक चपटी पेटी काढून कोठीवर ठेवली आणि याला पण मिक्सरच म्हणतात, असं मोठ्यानं सांगितलं. शामलाबाईही हसल्या, पण हसताना त्यांना वाटलं, आपल्याला आज सुरुवातीपासून एक पायरी चुकल्यासारखं होतंय.

खोलीत त्या आणि मैथिली शेजारी शेजारी बसल्या. समोर लॅपटॉप, मधे माइक. हेडफोन एकच होता, तो सिद्धारामच्या कानांवर. काम असं होतं, की पडद्यावर पोरीचे ओठ हलले की मैथिलीनं बोलायचं आणि उमाबाईंचे हलले की शामलाबाईंनी. फ्रिज बंद झाला, पंखा बंद झाला, शेजारी निरोप गेला. सिद्धारामनं हात वर केला आणि लगेच खाली घेतला.

"थांबा. चीं असं काहीतरी यायलंय."

मुकुलनं हेडफोन लावून बघितला आणि मान डोलावली. मैथिलीनं तर हेडफोन न लावताच मान वळवली. "मला बी येतंय. बारीक आहे, पण आहे."

"बाई, तुम्हाला?"

शामलाबाईंनी कान दिला. खोली त्यांना विहिरीसारखी शांत वाटत होती. पण तिघं तोंडाकडं बघत होते आणि तिघांनाही येत होतं.

"येतंय की," त्या म्हणाल्या.

मग शोध सुरू झाला. इन्व्हर्टर बघितला, ट्यूबलाइट बघितली, मोबाइल बाहेर नेऊन ठेवले. शामलाबाईही उगीच देव्हाऱ्यापर्यंत जाऊन आल्या. शेवटी टीव्हीच्या डब्याचा अडॅप्टर मुकुलनं उपटला आणि बाकीच्या दोघांचे चेहरे एकदम सैल पडले.

"गेला," मैथिली म्हणाली.

"गेला," शामलाबाई म्हणाल्या. काय गेलं ते त्यांना कळलं नव्हतं. यांना भास होतोय की काय, अशीही एक शंका मनात येऊन गेली.

खरी अडचण पुढंच होती. पडद्यावर पोरगी विचारायची, "मावशी, कुर्डुवाडीची गाडी गेली का?" त्यावर उमाबाईंचं होतं, "गेली न्हाय अजून. बस हितं." शामलाबाई पहिल्यांदा उशिरा बोलल्या. दुसऱ्यांदा मैथिलीचं वाक्य संपायच्या आधीच बोलल्या. तिसऱ्यांदा भलतंच, "म्या कुठं जाती? माझं बसणंच हितं हाय," हे पुढच्या प्रश्नाचं उत्तर देऊन बसल्या. आणि दर वेळी सिद्धाराम हातानं खाली खाली अशी खूण करायचा.

"बाई, जरा हळू बोला. उमाबाई शेजारी बसल्यालीशी बोलायली."

"हळूच बोलतेय मी."

सिद्धारामनं मुकुलकडं बघितलं. मुकुलनं छताकडं.

शामलाबाईंचा धीर सुटला. त्या मैथिलीकडं वळल्या. "तू तोंडातल्या तोंडात बोलतेस, म्हणून होतंय हे. शेवटच्या बाकावरच्या पोराला ऐकू गेलं पाहिजे असं बोल."

मैथिलीचा चेहरा उतरला. या घरात येऊन तिला चार वर्षं झाली होती. पोरगी कामाला वाघ, पण बोलायला अगदी कमी, आणि बोललीच तर भिंतीशी बोलल्यासारखी, ही शामलाबाईंची जुनी तक्रार होती. डी.एड. झालेल्या मुलीनं असं पुटपुटावं आणि चार वर्षं घरात बसून काढावी, याचं त्यांना मनातून वाईटही वाटायचं. पण त्या कधी बोलल्या नव्हत्या.

मैथिली मोठ्यानं बोलली, तर तिचा आवाज शामलाबाईंच्या बोलण्यावर सांडायला लागला. हळू बोलली, तर शामलाबाई चुकायला लागल्या. चारच्या सुमारास सिद्धारामनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "असं करू. वैनी शेजारच्या खोलीत बसतील, दुसऱ्या माइकावर. बाई हितं. हेडफोन बाईंना देतो, म्हणजे वैनींचं बोलणं थेट कानात. मी पेटीवरच्या आवाजाच्या काट्यावर बघून काम भागवतो."

मैथिली शेजारच्या खोलीत गेली. आवाज घुमू नये म्हणून मुकुलनं तिच्या डोक्यावरून उरलेली रजई टाकली. दार उघडं होतं. शामलाबाईंना बसल्या जागेवरून पलंगावर रजईचा ढीग तेवढा दिसत होता.

सिद्धारामनं त्यांच्या डोक्यावर हेडफोन बसवला. तो काहीतरी म्हणाला, ओठ हलले. शामलाबाईंनी 'ऐकू येत नाही' अशी मान हलवली. त्यानं पेटीवरचं एक बटण फिरवलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. त्यानं आणखी फिरवलं, आणखी थोडं फिरवलं, आणि मग त्याचा हात थांबला. तो त्या बटणाकडं बघत राहिला.

तेवढ्यात शामलाबाईंच्या कानात कुणीतरी श्वास घेतला.

त्या दचकल्या. मग बांगडी वाजली. ती आपल्याच हातातली, हे कळायला त्यांना एक क्षण लागला. आणि मग एक बाईमाणूस बोललं, इतक्या जवळून, की त्यांनी वळून मागं बघितलं. आवाज थोडा खरबरीत होता, खाली खाली हसू असलेला, प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ.

"आई, येतंय का ऐकू?"

"कोण बोलतंय?" शामलाबाईंनी विचारलं. त्यांना वाटलं, पुण्याहून ती प्रतीक्षा बोलतेय.

"मी आहे, आई. मैथिली."

रजईचा ढीग थोडा हलला. शामलाबाईंनी त्या ढिगाकडं बघितलं. चार वर्षं रोज समोर वावरणाऱ्या माणसाचा आवाज आपण ओळखला नाही, याची त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त गोंधळ झाला. मैथिलीचा आवाज असा नव्हता. मैथिलीचा आवाज म्हणजे नुसता 'अंऽ'सारखा काहीतरी, कडा नसलेला.

सिद्धाराम लॅपटॉपवर काहीतरी जुळवत होता. मुकुल पाण्याचा तांब्या घेऊन बायकोकडं गेला. दुसरा माइक चालूच आहे, हे त्या दोघांच्या ध्यानात नव्हतं.

"आई दमल्या असतील," कानातला आवाज म्हणाला. "तू विचार ना, चहा ठेवू का. मी विचारलं तर बोलत न्हाईत."

"का? काय झालं?" हा मुकुल.

"काही झालं न्हाय. सकाळी तीनदा विचारलं, आमटीत गूळ टाकू का. एकदाबी वर बघितलं न्हाय त्यांनी. आता सवय झाली मला."

शामलाबाईंनी हेडफोन काढला. समोर दार होतं, दारापलीकडं पलंग, पलंगावर रजई, आणि रजईपाशी मुकुल वाकून उभा. त्याचे ओठ हलत होते. आवाज काही नव्हता, फक्त लांबून कुणीतरी पुटपुटतंय एवढंच. त्यांनी हेडफोन लावला. मुकुल म्हणत होता, "आईचा स्वभावच तसा आहे." त्यांनी काढला. पुटपुट. त्यांनी पुन्हा लावला.

सिद्धाराम हे सगळं बघत होता. तो त्यांच्याजवळ येऊन जमिनीवर बसला, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं आणि सावकाश म्हणाला, "बाई, ह्या आवाजावर माझे कान फुटतील. आमच्या आप्पांचंबी असंच झालं होतं. आम्ही समजायचो, म्हातारा रागावलाय."

"मला ऐकू येतं, सिद्धाराम."

"येतंय की. थोडं येतंय."

त्यांना त्याच्यावर रागवायचं होतं, पण राग कुठून सुरू करावा ते कळेना. गुळाचं त्यांना आठवत होतं. म्हणजे आठवत काहीच नव्हतं. सकाळी त्या ओट्यापाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मग ही पोर खोटं सांगते का? नवऱ्याशी, रजईखाली, कुणी ऐकत नाही असं समजून कोण कशाला खोटं सांगेल?

"करायचं का, बाई?" सिद्धारामनं विचारलं. "का आज राहू द्यायचं?"

"कर," त्या म्हणाल्या. काहीतरी हातात धरायला हवं होतं.

पडद्यावर फलाट आला. कानात ती खरबरीत मुलगी म्हणाली, "मावशी, कुर्डुवाडीची गाडी गेली का?" आणि शामलाबाईंनी तोंड उघडलं. त्यांचा स्वतःचा आवाज हेडफोनातून असा अंगावर आला, की त्या अर्ध्यात थांबल्या. हजेरी घेताना पटांगणापर्यंत जायचा, तो आवाज. म्हणजे आपण घरात, स्वयंपाकघरात, याच आवाजात बोलतो?

दुसऱ्या वेळी त्या हळू बोलल्या. इतकं हळू त्या कित्येक वर्षांत बोलल्या नव्हत्या. "गेली न्हाय अजून. बस हितं."

"तुम्ही कुठं चाललात?"

"म्या कुठं जाती? माझं बसणंच हितं हाय." आणि मग, पडद्यावर उमाबाई टोपलीतून एक फळ उचलतात तिथं, "सीताफळ खाती का? पिकल्यालं हाय, आजच खावं लागतंय."

सिद्धारामनं अंगठा दाखवला. पाऊण तासात सगळं काम उरकलं. एकदाही त्या चुकल्या नाहीत. 'न्हाय' मात्र प्रत्येक वेळी जिभेला टोचलं.

सिद्धाराम गेल्यावर मैथिलीनं चहा केला. तिघं स्वयंपाकघरात बसले. हेडफोन त्याच्या पिशवीतून निघून गेला होता आणि मैथिलीचा आवाज पुन्हा कडा नसलेला झाला होता. शामलाबाई तिच्या अगदी समोर बसल्या.

"सकाळी तू गुळाचं विचारलंस?"

मैथिलीनं चमकून नवऱ्याकडं बघितलं.

"त्याच्याकडं बघू नको. माइक चालू होता. आणखी काय काय विचारलंस तू मला?"

"काही न्हाय, आई."

"मोठ्यानं सांग."

मैथिलीनं कप खाली ठेवला. मग तिनं सांगितलं. वाक्य दोनदा सांगावं लागलं. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका बालवाडीत शिक्षिकेची जागा निघाली होती. अर्ज भरण्याआधी तिनं सासूबाईंना विचारलं होतं, मी भरू का. सासूबाईंनी वर बघितलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. त्या उठल्या आणि सूप घेऊन अंगणात गेल्या. मग तिनं अर्ज भरला नाही.

"मी नाही म्हटलं?" शामलाबाईंनी विचारलं.

"काहीच म्हटलं न्हाय तुम्ही."

"मग मुकुल, तू?"

मुकुल म्हणाला, "ती म्हणाली, आईंना नको आहे. मला वाटलं, असेल."

"असेल म्हणजे? मी छत्तीस वर्षं नोकरी केली. मी नको म्हणेन?"

"मला काय माहीत? मला वाटलं, इतकी वर्षं राबलीस म्हणूनच नको म्हणतेस."

शामलाबाईंच्या मनात आलं, ही समोर येऊन का नाही बोलली? मग आलं, ती समोरच होती. मग आलं, मी एकदा तरी विचारायला हवं होतं, की तू घरात का बसलीस. यातलं कोणतं आधी बोलावं, याचा हिशेब लागेना, आणि चहावर साय धरली.

पुढच्या सोमवारी मैथिली त्यांना घेऊन सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेली. तिथं एका काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा, म्हणून सांगितलं. त्यांनी मास्तरकीच्या जिद्दीनं दाबलं. अर्ध्या वेळा आवाजच नव्हता, असं नंतर कळलं. डॉक्टरांनी कागदावर उतरत जाणारी एक रेघ दाखवली. जाड आवाज बरेचसे येतात, बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत, आणि हे एका वर्षातलं नाही, पाचसहा वर्षांतलं असावं.

पंधरा दिवसांनी कानाचं मशीन आलं. शामलाबाईंना वाटलं होतं, त्या दुपारसारखं होईल. तसं झालं नाही. भांड्याला भांडं लागलं की कपाळात जायचं. वर्तमानपत्राची घडी कडकड वाजायची. मंगळवारी गल्लीतून संबळ गेला, तेव्हा त्यांनी मशीन काढून मुठीत धरलं. मैथिलीचा आवाज स्वच्छ यायचा, पण पत्र्यावर पडल्यासारखा, त्यात ते खालचं हसू नसायचं. हेडफोनातला खरा की मशीनमधला खरा, हे त्यांना ठरवता येईना. मैथिलीला विचारलं, तर ती म्हणाली, "मला माझा आवाज कसा कळणार, आई?"

फिल्म पुरी झाल्यावर मुकुल येरमाळ्याला जाऊन उमाबाईंना मोबाइलवर दाखवून आला. उमाबाईंनी शेवटपर्यंत बघितली आणि माझा आवाज मशिनीत चांगला आलाय, असं म्हणाल्या. मुकुलनं ते खुशीत येऊन घरी सांगितलं. शामलाबाईंना याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, ते कळलं नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्या भाज्या निवडत होत्या. मैथिली तीळ भाजत होती. मशीन कानात होतं. बालवाडीत पुढच्या जूनला पुन्हा जागा निघणार आहे, ही बातमी त्यांनी आपल्या जुन्या सहकारी बाईंकडून काढली होती.

"मैथिली, अर्ज भरतेस का?" त्यांनी विचारलं.

मैथिलीनं कढईतले तीळ एकदा खालीवर केले. "बघते, आई," ती म्हणाली.

शामलाबाईंना दोन्ही शब्द लख्ख ऐकू आले. तीळ तडतडले तेही ऐकू आलं. पण त्या 'बघते'मध्ये हो होतं का नाही, हे त्यांना काही उमगेना. त्या हातातली घेवड्याची शेंग तशीच धरून सुनेच्या पाठीकडं बघत बसल्या. मग उठल्या, शेगडीच्या पलीकडच्या बाजूला, तिचं तोंड दिसेल अशा ठिकाणी पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "बघते म्हणजे काय ते नीट सांग. मला वेळ आहे."